लॅपटॉपची पारख हार्ड डिस्कवरून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप घेताना काय पाहावे, या विषयावर आपल्या दैनिकात आलेल्या लेखात वजनाने हलक्या आणि बहुतांशी इंटरनेटवर चालणाऱ्या संगणकांचा निकाल दोन ओळींत लावण्यात आला होता. त्यांत मोठी हार्ड डिस्क नसते, नेहमीची सॉफ्टवेअर त्यांच्यावर बसत नाहीत, नेट गेले की ते ठप्प होतात. सबब ते खरे लॅपटॉप नव्हेत, असा त्या ओळींचा आशय. मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करते. नवा लॅपटॉप कोणता घ्यावा हे विचारायला लोक येतात, तसेच जुना का चालत नाही हे विचारायलाही येतात, त्यामुळे या यंत्रांच्या जन्माशी नसला तरी म्हातारपणाशी माझा रोजचा संबंध आहे. त्या अनुभवावरून माझे म्हणणे असे की, ही यंत्रे लॅपटॉप आहेत याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्यावर घेतले जाणारे बहुतेक आक्षेप चुकीच्या जागी आहेत, आणि जिथे खरोखर बोट ठेवायला हवे ती जागा लेखांत, जाहिरातींत किंवा विक्रेत्यांच्या बोलण्यात सहसा येतच नाही.

कोणत्या यंत्रांविषयी बोलत आहोत, ते आधी स्पष्ट करते. या वर्गातील सर्वांत परिचित नाव क्रोमबुकचे. गुगलने जुलै २००९ मध्ये क्रोम ओएस ही प्रणाली, म्हणजे संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, जाहीर केली, डिसेंबर २०१० मध्ये सीआर-४८ नावाचे चाचणीपुरते यंत्र निवडक लोकांना वाटले, आणि एसर व सॅमसंग यांची पहिली क्रोमबुके जून २०११ मध्ये विक्रीला आली. मुळाशी लिनक्स ही मुक्त प्रणाली, त्यावर जवळजवळ फक्त ब्राउझर, आणि साठवण अवघी १६ जीबी, अशी त्यांची रचना होती. कळफलकावरची कॅप्स लॉकची कळ काढून तिथे शोध घेण्याची कळ बसवली होती आणि वरच्या रांगेतील एफ-१ ते एफ-१२ या कळांच्या जागी मागे जाणे, पान पुन्हा उघडणे असल्या ब्राउझरच्या कळा आल्या होत्या. वापरणारा माणूस दिवसभर ब्राउझरमध्येच असणार, हे गृहीत धरूनच यंत्र घडवले होते. आपल्या लेखातील आक्षेप या २०११ सालच्या यंत्राला बऱ्याच अंशी लागू पडतात. तेव्हापासून पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले आहे. २०१६ मध्ये या प्रणालीवर अँड्रॉइडची अ‍ॅप चालवण्याची सोय जाहीर झाली, २०१८ मध्ये लिनक्सची सॉफ्टवेअर बसवण्याची सोय जाहीर झाली, आणि त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांवर कचेरीच्या कामाचे लिबरऑफिस किंवा चित्रांवर काम करणारे गिंप यांसारखी सॉफ्टवेअर बसवून नेटशिवाय वापरता येतात. टीका करायची तर आजच्या यंत्रावर करावी.

‘हार्ड डिस्क नाही’ हा आक्षेप आधी घेते, कारण तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी टिकतो. लॅपटॉपचा इतिहास पाहिला तर डिस्क नसलेले लॅपटॉप आधी आले आणि डिस्क असलेले मागाहून. झाकण उघडले की पडदा उभा आणि कळफलक आडवा, ही आजची घडी ज्या यंत्रापासून सुरू झाली असे मानले जाते, त्या १९८२ सालच्या ग्रिड कंपासच्या पोटात फिरती डिस्क नव्हतीच. होती ती काहीशे किलोबाइटची बबल मेमरी, म्हणजे कोणताही भाग न फिरवता माहिती जपणारी चुंबकीय साठवण. टेलिफोनवरून माहिती धाडणारा मोडेम मात्र आतच बसवलेला होता, आणि टेलिफोनच्या तारेवरून कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाशी जोडून घेऊन तिथले प्रोग्रॅम आणि फाइल वापरण्याची व्यवस्था त्यात होती. आज ज्या गोष्टीमुळे एखाद्या यंत्राला लॅपटॉपांच्या पंगतीतून उठवले जाते, ती गोष्ट या कुळाच्या मूळ पुरुषातच होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. हे यंत्र सुमारे पाच किलोंचे होते, हा भाग वेगळा.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, टीआरएस-८० मॉडेल १०० आले. आठ ओळींचा पडदा, एका ओळीत चाळीस अक्षरे, चार पेन्सिल सेलवर चालणारे, आणि लिहिण्यासाठी लागणारे प्रोग्रॅम कारखान्यातूनच आत कोरून दिलेले. कळ दाबली की लगेच सुरू. त्यात डिस्क नव्हती, फाइल मेमरीत राहत. आपल्या व्यवसायातील मंडळींना विशेष वाटावे ते असे की, या यंत्राचे सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक म्हणजे बातमीदार: घटनेच्या ठिकाणी बसून बातमी टंकायची, यंत्र टेलिफोनला जोडायचे आणि मजकूर थेट कचेरीतल्या संगणकाकडे रवाना करायचा. हलके, जोडणीवर विसंबलेले, साठवण जेमतेम, आणि तरीही ज्या कामासाठी घेतले ते काम चोख करणारे असे ते यंत्र होते. १९८५ सालच्या तोशिबा टी-११०० मध्येसुद्धा हार्ड डिस्क नव्हती, एक फ्लॉपी ड्राइव्ह होता आणि संगणक सुरू करायचा तोही फ्लॉपीवरून. या तिघांनाही लॅपटॉपच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. २००८ साली मॅकबुक एअर आले, तेव्हा सीडी ड्राइव्ह नाही, नेटवर्कची तार जोडायला जागा नाही, यूएसबीची एकच खाच, म्हणून त्यालाही नाके मुरडली गेली. पुढे जवळजवळ सगळ्याच कंपन्यांचे लॅपटॉप त्याच वाटेने गेले आणि सीडी ड्राइव्ह कधी नाहीसा झाला हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. अमुक एक भाग पोटात असला तरच लॅपटॉप, ही कसोटी दर दहा-पंधरा वर्षांनी मोडीत निघते.

दुसरी गोष्ट यंत्राच्या अंगाची. हलक्या संगणकांचा सांगाडाच मुळात कमअस्सल असतो, असा समज आहे. त्याचे निरसन करायला इतिहासात जायची गरज नाही. क्रोम ओएस फ्लेक्स नावाची प्रणाली २०२२ पासून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. ती पेनड्राइव्हवर घेऊन एखाद्या जुन्या विंडोज लॅपटॉपला लावली, तर तो लॅपटॉप काही मिनिटांत ब्राउझरप्रधान यंत्र म्हणून सुरू होतो. पेनड्राइव्ह काढून पुन्हा चालू केला की तोच लॅपटॉप विंडोजमध्ये उघडतो. बोर्ड तोच, पडदा तोच, बॅटरी तीच. सकाळी लॅपटॉप असलेली वस्तू दुपारी लॅपटॉप राहत नाही, असे कोणी म्हणणार असेल तर मला त्यापुढे बोलायचे नाही.

उलट बाजूही माझ्या टेबलावर वारंवार येते. अवघी ३२ जीबी साठवण बोर्डावर डाग देऊन बसवलेली, रॅम बेताची, आणि त्यावर पूर्ण विंडोज, असे लॅपटॉप बरीच वर्षे विकले गेले. त्यांच्या खोक्यावर विंडोजचे चिन्ह असल्यामुळे ‘हा खरा लॅपटॉप आहे का’ असा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रत्यक्षात त्यातील निम्म्याहून अधिक जागा विंडोजच खाते, मोठे अपडेट आले की ते उतरवायला जागा उरत नाही, मग पडदा बाहेरून पेनड्राइव्ह लावायला सांगतो, आणि मालक बिचारा स्वतःचे फोटो पुसून विंडोजला जागा करून देतो. हे यंत्र नेटवर विसंबून नाही हे कबूल, पण म्हणून ते कामाचे आहे असे होत नाही. कमकुवत यंत्रावर जड प्रणाली लादण्यापेक्षा हलकी प्रणाली बसवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि ब्राउझरप्रधान यंत्रांनी तोच धरला. २००७ साली एसुसच्या ई-पीसीपासून सुरू झालेली नेटबुकांची, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपांची, लाट काही वर्षांत ओसरली, तिच्या मुळाशीही माझ्या मते हाच घोळ होता.

आता नेट गेले तर काय, या प्रश्नाकडे येते. सल्ला विचारायला आलेल्यांना मी यावर भाषण देत नाही. यंत्रातील वाय-फाय बंद करून त्यांच्या हातात देते आणि स्वतःच पाहा म्हणते. काय दिसते? एकदा खाते उघडलेले असेल तर नेट नसतानाही पासवर्ड टाकून यंत्र सुरू होते. उतरवून ठेवलेल्या फाइलींच्या कप्प्यात जे आहे ते सगळे उघडते: पीडीएफ वाचता येते, फोटो पाहता येतात, चित्रफीत चालते. गुगलच्या साठवणीत ठेवलेल्या दस्तऐवजांची नावे यादीत दिसतात, पण ‘ऑफलाइन उपलब्ध’ अशी खूण आधी करून ठेवलेले तेवढेच उघडतात आणि त्यांत लिहिताही येते; नेट परतले की केलेले बदल आपोआप वर चढतात. ज्यांना ती खूण केलेली नाही, त्यांचे नुसते नाव पाहत बसायचे. ब्राउझरमध्ये नवे पान उघडायला गेले की तो ठेंगणा डायनासोर उभा राहतो, आणि स्पेसबार दाबला की निवडुंगांवरून उड्या मारू लागतो. हा खेळ २०१४ पासून तिथे आहे आणि मुलांना नेट गेल्याचे दुःख होऊ न देण्याचे काम तो इमानेइतबारे करतो.

या प्रयोगात एक बारकावा असा आहे की तो सहसा कोणी सांगत नाही. रॅम चार जीबीच असेल आणि टॅब पुष्कळ उघडे असतील, तर जागा मोकळी करण्यासाठी ब्राउझर मागचे टॅब गुपचूप मेमरीतून काढून टाकतो. वर त्यांची पट्टी तशीच दिसत राहते. नेट चालू असताना हे जाणवत नाही, कारण त्या टॅबवर परत गेले की पान नव्याने उतरते. नेट गेलेले असताना मात्र, मघाशी डोळ्यांसमोर असलेले, अर्धवट वाचलेले पान हवे म्हणून टॅबवर जावे तर तिथे डायनासोर. लोक याला नेटचा दोष म्हणतात. हा रॅमचा दोष आहे. म्हणून या प्रकारच्या यंत्रात साठवण थोडी कमी चालेल, पण रॅम आठ जीबी असावी, असे मी सांगते. विक्रेते नेमके उलटे सांगतात, कारण साठवणीचा आकडा मोठा दिसतो.

या साऱ्यावरून मी एवढेच म्हणेन की नेट गेले म्हणून यंत्र बंद पडत नाही, मात्र आधी तयारी केलेली असावी लागते. ज्याने दोन-तीन सेटिंग पहिल्याच दिवशी केली, त्याचा प्रवासातला वेळ सुखाने जातो. ज्याने केली नाहीत, तो ऐन वेळी अडतो आणि यंत्राला शिव्या देतो. शिव्यांना अगदीच आधार नाही असेही नाही. जे यंत्र नेटवर इतके अवलंबून आहे, त्याने पहिल्यांदा सुरू होतानाच ‘नेट नसताना कोणत्या फाइल हव्यात’ हे विचारायला हवे. ते मालकाने शोधून काढायचे ही बनवणाऱ्याची हयगय आहे. शिवाय नव्याकोऱ्या यंत्राची पहिली मांडणी नेटशिवाय होत नाही आणि घरातील दुसऱ्या कोणाचे नवे खातेही नेटशिवाय जोडता येत नाही, या खऱ्या अडचणी आहेत.

पण हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावून पाहावा. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा त्याच्या होम आवृत्तीची पहिली मांडणी करायला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते या दोन्ही गोष्टी सक्तीच्या करण्यात आल्या. फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबने २०१३ पासून आपली मुख्य सॉफ्टवेअर वर्गणीवर देण्याचे धोरण धरले. ती यंत्रावर बसतात हे खरे, पण वर्गणी चालू आहे ना याची खातरजमा करायला त्यांना अधूनमधून नेट लागते, आणि वर्गणी थांबली की ती यंत्रात असूनही नसल्यासारखी होतात. माझ्याकडे येणाऱ्या ‘भरभक्कम’ लॅपटॉपांच्या मालकांना नेट काढून घेतले तर दिवसभरात काय करता येईल, असे विचारले की थोडा वेळ शांतता पसरते. टपाल नेटवर, बैठका नेटवर, हिशेब नेटवर, मुलांचा अभ्यास नेटवर. इंटरनेटवर विसंबून असणे हा हलक्या यंत्रांचाच विशेष राहिलेला नाही; त्यांनी ते उघडपणे मान्य केले आहे, इतरांनी अजून केलेले नाही.

ही यंत्रे कुठे खरोखर तोकडी पडतात हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोठ्या चित्रफितींचे संपादन, इमारतींची वा यंत्रभागांची त्रिमितीय रेखाटने, केवळ विंडोजसाठी लिहिलेली हिशेबाची किंवा परीक्षेची सॉफ्टवेअर, विशिष्ट ड्रायव्हर (उपकरण चालवणारे जोड-सॉफ्टवेअर) लागणारी जुनी स्कॅनर आणि मोजमापाची उपकरणे यांपैकी काहीही ज्याच्या कामात आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. ब्राउझरमध्येही आता जड कामे होऊ लागली आहेत, ब्राउझरमध्ये जड प्रोग्रॅम वेगाने चालवणारे वेबअसेम्ब्ली हे तंत्र २०१९ मध्ये अधिकृत मानक झाल्यापासून तर विशेषच. तरीही ज्याचे पोट एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरवर आहे त्याने आधी ते सॉफ्टवेअर कुठे चालते ते पाहावे, मग यंत्र. हे बैलगाडीने मालवाहू ट्रकचे काम होईल का असे विचारण्यासारखे आहे, आणि उत्तर ‘नाही’ आले म्हणून बैलगाडी हे वाहन नव्हे असे ठरत नाही.

इथवर मी या यंत्रांचे वकीलपत्र घेतल्यासारखे वाटेल. माझी खरी तक्रार पुढे आहे.

या यंत्रांना ठरलेली तारीख असते. प्रत्येक मॉडेलला कोणत्या दिवसापर्यंत अपडेट मिळतील हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिलेले असते, आणि तो दिवस उलटला की यंत्र धडधाकट असूनही अपडेट थांबतात. सुरुवातीला ही मुदत तीन वर्षांची होती, मग वाढत वाढत साडेसहा झाली, २०२० च्या सुमारास आठ, आणि बरीच ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने ती दहा वर्षांची केल्याचे जाहीर केले. दहा वर्षे म्हणजे पुष्कळ झाली, असे कोणी म्हणेल, आणि विंडोजच्या तुलनेत ते खोटेही नाही: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे असंख्य चांगले लॅपटॉप एका रात्रीत जुने ठरले. परंतु इथे एक मेख आहे. ही मुदत गिऱ्हाइकाने यंत्र घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही. ते यंत्र ज्या घडणीवर बेतले आहे ती घडण बाजारात आल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणजे एखादे मॉडेल बाजारात येऊन चार वर्षे झाल्यावर, सवलतीत मिळते म्हणून आपण आनंदाने घेतले, तर मुदतीतली चार वर्षे विक्रेत्याच्या फळीवरच संपलेली असतात. सेटिंगमध्ये प्रणालीविषयीच्या माहितीत आत शिरले तर ही तारीख दिसते. खोक्यावर ती ठळक छापलेली मी तरी पाहिलेली नाही.

तारीख उलटली म्हणजे नेमके काय होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. या प्रणालीची एक उत्तम योजना अशी की यंत्रात तिच्या दोन प्रती असतात. एक चालू असताना दुसरीवर नवे अपडेट उतरते, यंत्र बंद करून चालू केले की नवी प्रत पुढे येते, आणि तिच्यात काही खोट निघाली तर जुनी हाताशी असतेच. सुरू होताना यंत्र स्वतःच्या प्रणालीची सही तपासून घेते, त्यामुळे कोणी तिच्यात फेरफार केला असेल तर तो तिथेच पकडला जातो. विषाणू काढून द्या म्हणून माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत ही यंत्रे जवळजवळ नसतात, याचे श्रेय या रचनेला आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की ब्राउझर आणि प्रणाली एकाच गाठीत बांधलेली आहेत. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी क्रोम ब्राउझर त्यावर आणखी तीन वर्षे, २०२३ च्या सुरुवातीपर्यंत, नवा होत राहिला; प्रणाली जुनी असूनही माणसाचे काम चालले. ब्राउझरप्रधान यंत्रात प्रणालीचे अपडेट थांबले की त्याच दिवसापासून ब्राउझरही गोठतो, आणि मग बँकेची, परीक्षेची, बैठकीची संकेतस्थळे हळूहळू ‘आपला ब्राउझर जुना आहे’ म्हणून दार लावून घेऊ लागतात. सगळे काम ज्या एका विहिरीतून उपसायचे तीच आटली, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

दूरच्या सेवेवर विसंबण्याचा आणखी एक नमुना छपाईचा आहे. सुरुवातीच्या क्रोमबुकांना शेजारी ठेवलेल्या प्रिंटरला तारेने जोडून छापता येत नसे. पान आधी गुगलच्या क्लाउड प्रिंट या सेवेकडे जाई आणि तिथून फिरून त्याच खोलीतल्या प्रिंटरवर येई. पुढे प्रिंटर थेट जोडण्याची सोय प्रणालीतच आली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी गुगलने क्लाउड प्रिंट कायमची बंद केली. ज्यांच्या यंत्रांना तोवर नवी सोय मिळालेली होती ते निभावले. ज्यांची अपडेटची मुदत ती सोय येण्याआधीच संपली होती, त्यांची यंत्रे त्या रात्रीपासून छापेनाशी झाली. यंत्र बिघडले नव्हते, प्रिंटरही बिघडला नव्हता.

आता दुरुस्तीच्या टेबलावरचे. नेहमीच्या लॅपटॉपचा बोर्ड जळाला तर निदान डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावता येत असे आणि माणसाचा मजकूर वाचवता येत असे. डिस्कवर कुलूप असलेच तर मालकाने त्याची किल्ली जपून ठेवलेली असावी लागते, एवढेच. हलक्या यंत्रांत साठवण बहुधा बोर्डावरच डाग दिलेली असते, आणि तिच्यातला मजकूर ज्या किल्लीने बंद केलेला असतो ती किल्ली त्याच बोर्डावरच्या सुरक्षा-चिपच्या ताब्यात असते. बोर्ड गेला की वर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, न चढलेली प्रत्येक फाइल गेली. चोराच्या हाती यंत्र लागले तर हीच गोष्ट वरदान ठरते; चहा सांडला तर शाप. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगताना मला फार अवघड जाते, कारण ‘सगळे आपोआप क्लाउडवर जाते’ असे त्याला विकताना सांगितलेले असते आणि उतरवलेल्या फाइलींचा कप्पा आपोआप कुठेही जात नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वापरलेले यंत्र घेणाऱ्यांची फसगत तर याहून वेगळी. संस्थांनी वापरून मोडीत काढलेली अशी यंत्रे पुष्कळदा दुसऱ्या हाती विकली जातात. मूळ संस्थेने आपल्या व्यवस्थापन-यादीतून त्या यंत्राचे नाव कमी केलेले नसेल, तर सगळे पुसून नव्याने सुरू केले, नेटला जोडले, की ते पुन्हा त्याच संस्थेचे खाते मागत बसते. डिस्क बदलून किंवा प्रणाली पुन्हा टाकून हे कुलूप सहजी सुटत नाही. मालक एक, ताबा दुसऱ्याचा, अशी अवस्था. असे यंत्र घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीला मला मूळ संस्थेशी पत्रव्यवहार करायला सांगावे लागले. तिच्या पत्राला उत्तर आले नाही. यंत्र नवेच्या नवे होते, पडद्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

संपादक महोदय, यावरून माझा रोख आपल्या ध्यानात आला असेल. हे यंत्र खरा लॅपटॉप आहे की नाही, हा वाद रंगवून वाचकाच्या हाती काही लागत नाही. ज्याचे काम लिहिणे, वाचणे, टपाल, बैठका आणि अभ्यास यांपलीकडे जात नाही, त्याला हे यंत्र जड लॅपटॉपपेक्षा अधिक सुखाचे वाटेल, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या स्वतःच्या हिशेबाच्या कामाला मी असलेच यंत्र वापरते. परंतु ते घेण्यापूर्वी त्याचे अपडेट कोणत्या तारखेला थांबणार, रॅम किती, साठवण बदलता येते की बोर्डावर डाग दिलेली आहे, आणि वापरलेले असेल तर ते कोणत्या संस्थेच्या ताब्यातून पूर्ण सुटले आहे का, हे त्याला कळले पाहिजे. पडद्याचा आकार आणि साठवणीचा आकडा यांपेक्षा ही माहिती अधिक मोलाची आहे, आणि ती सर्वच लॅपटॉपांविषयी दिली गेली तर विंडोजची आणि इतर यंत्रेही त्याच तागडीत तोलली जातील.

आपल्या दैनिकात नव्या यंत्रांची परीक्षणे नियमित प्रसिद्ध होतात. त्यांच्याखाली वजन, पडदा, बॅटरी यांचा तक्ता असतो. त्या तक्त्यात ‘अपडेटची अंतिम तारीख’ अशी एक ओळ वाढवावी, आणि परीक्षकांनी यंत्र निदान एक संपूर्ण दिवस वाय-फाय बंद ठेवून वापरून मगच लिहावे, अशी माझी विनंती आहे. जी कंपनी ही तारीख सांगणार नाही, तिच्या नावापुढे ती जागा कोरी छापावी.

आपली विश्वासू,
एक वाचक
(व्यवसाय : लॅपटॉप दुरुस्ती)